संरक्षण संशोधनासाठी सरकारी अनुदान: बडोद्यातल्या लहान उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं वर्कशॉप आहे. कंट्रोल पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर कंपन्यांना लागणारी बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक उपकरणं, हा आमचा रोजचा धंदा. मधल्या काळात सरकारी अनुदानातून आम्ही सैन्यासाठी एक प्रोटोटाइप केलं. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. कुणी रावपुऱ्यातून, कुणी वाघोडियाहून. परवा हालोलचे एक गृहस्थ फायलींची पिशवी घेऊन थेट येऊनच बसले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे. आपल्या लोकांनी या कामात जरूर उतरावं, पण डोळे उघडे ठेवून उतरावं, ही मनापासूनची इच्छा.

हे कर्ज आहे का? पैसे परत करायचे असतात का?

नाही, अनुदान आहे. व्याज नाही, परतफेड नाही. पण पैसे एकरकमी हातात पडत नाहीत. करारात टप्पे ठरतात: डिझाइन, पहिला नमुना, प्रयोगशाळेतल्या चाचण्या, मैदानावरच्या ट्रायल. टप्पा पूर्ण झाल्याचं दाखवलं की पुढचा हप्ता सुटतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना वेगळी. तिच्यात भर आहे तो दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या कर्जांवर आणि भांडवली गुंतवणुकीवर. पुष्कळ जण ती आणि हे अनुदान एकच समजून बसतात.

योजना नेमक्या कोणत्या? मी कुठलं दार ठोठावू?

लहान उद्योगासाठी दोन दारं महत्त्वाची.

पहिलं दार आयडेक्सचं, म्हणजे संरक्षणातल्या नव्या कल्पनांना पैसे देणाऱ्या योजनेचं. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत पंतप्रधानांच्या हस्ते ही योजना सुरू झाली. ती चालवते डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन. ही ना-नफा कंपनी आहे आणि तिचं सुरुवातीचं भांडवल एचएएल आणि बीईएल या सरकारी कंपन्यांनी घातलं. यात भूदल, नौदल, हवाईदल, तटरक्षक दल आपापल्या अडचणी जाहीर करतात. 'डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंज' या नावाने त्यांच्या फेऱ्या निघतात. तुम्ही त्यातली एक अडचण निवडून अर्ज करायचा. साध्या आव्हानांसाठी दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत अनुदान मिळतं. मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती' योजनेत ही मर्यादा २५ कोटींपर्यंत गेली. ती अत्यंत महत्त्वाच्या आणि अवघड तंत्रज्ञानासाठी आहे. मात्र एक अट मोठी: सरकार जास्तीत जास्त निम्मा खर्च देतं. बाकीचा निम्मा तुमचा.

दुसरं दार डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडाचं. सगळे त्याला टीडीएफ म्हणतात. यात प्रकल्पाच्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. आधी मर्यादा १० कोटी होती, २०२२ मध्ये ती ५० कोटींवर नेली. ऐकायला हे जास्त गोड वाटतं. पण इथे डीआरडीओची प्रयोगशाळा सतत तुमच्या बरोबर, आणि म्हणाल तर डोक्यावर, असते. तांत्रिक छाननी फार बारीक असते. माझ्या मते ज्यांच्याकडे आधीपासून पक्के इंजिनिअर आहेत, ड्रॉइंग आणि रिपोर्ट लिहिण्याची सवय आहे, त्यांनी टीडीएफ पाहावं. पहिल्यांदा उतरणाऱ्याने आयडेक्सपासून सुरुवात करावी.

'मेक-२' नावाची वाटही आहे, पण तिथे विकासाचा खर्च उद्योगाने स्वतः करायचा असतो. लहान माणसाला ते झेपणं कठीण.

इंटरनेटवर 'एसबीआयआर' म्हणून मोठी योजना दिसते. तिथे अर्ज करू का?

ती अमेरिकेची. १९८२ च्या कायद्याने सुरू झाली. तिथल्या मोठ्या सरकारी खात्यांना आपल्या संशोधनाच्या पैशातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा संरक्षण खात्याचा. पाचशेपेक्षा जास्त माणसं नसलेली, तिथल्या लोकांच्या मालकीची कंपनी लागते. आधी कल्पना टिकते का ते पाहण्यापुरते थोडे पैसे, मग प्रोटोटाइपसाठी मोठी रक्कम, आणि तिसऱ्या टप्प्यात खरेदी, अशी तिची रचना आहे. त्यांची कागदपत्रं वाचा, प्रस्ताव कसा मांडतात ते शिकायला मिळेल. अर्ज मात्र आपल्याला करता येत नाही. आपल्याकडे मिळत्याजुळत्या नावाची 'एसबीआयआरआय' योजना २००५ पासून आहे, पण ती जैवतंत्रज्ञान विभागाची.

माझी प्रोप्रायटरशिप आहे. चालेल का?

आयडेक्ससाठी तीन प्रकारचे अर्जदार मुख्यतः येतात: डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता असलेले स्टार्टअप, एमएसएमईत (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांत) बसणाऱ्या भारतीय कंपन्या, आणि वैयक्तिक संशोधक. स्टार्टअपची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. भागीदारी, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड लागते. आमचाही धंदा वडिलांच्या काळापासून प्रोप्रायटरीच होता. प्रायव्हेट लिमिटेड केली तेव्हा सीएने सांगितलं की जुनी कंपनी मोडून नवी केल्यासारखं दाखवलं तर स्टार्टअपच्या मान्यतेत अडचण येते. म्हणून आम्ही एमएसएमई म्हणून गेलो. तुमचा सीए काय म्हणतो ते आधी ऐका.

एमएसएमई म्हणून सरकारकडे होणारी उद्यम नोंदणी हवीच. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: लघु उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. मकरपुऱ्यातले बहुतेक शेड यात आरामात बसतात.

माझ्याकडे माल तयार आहे. तो सैन्याला दाखवून अनुदान मिळेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडखळतात. मीही अडखळलो.

हे पैसे तुमच्या मालासाठी नसतात. सैन्याने मांडलेल्या अडचणीसाठी असतात. आमचा पहिला अर्ज मी कॅटलॉगसारखा लिहिला होता: आमच्याकडे अमुक मशीन आहे, तमुक मोठी कंपनी आमची गिऱ्हाईक आहे, आमची क्वालिटी एक नंबर. तो नामंजूर झाला आणि व्हायलाच हवा होता. अडचण काय, आत्ता जवान ती कशी भागवतो, त्यात काय कमी पडतं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

आमचा विषय कडाक्याच्या थंडीत चार्ज होणाऱ्या बॅटरीचा होता. त्याहून जास्त सांगता येत नाही. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातूचा थर होऊन वर साचतो. बॅटरीची ताकद कायमची घटते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुसरंच.

दुसऱ्यांदा अर्ज करायच्या आधी मी फतेगंजला ईएमई स्कूल या लष्कराच्या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांना वर्कशॉपवर बोलावलं. त्यांनी आमचा डबा हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "हातमोजे आहेत का?" पोराने स्कूटरचे हिवाळी हातमोजे आणून दिले. साहेबांनी एकावर एक दोन जोड घातले आणि म्हणाले, "आता बघा, मी बॅटरी बदलतो." कनेक्टरची बारीक आट्यांची रिंग त्यांच्या बोटांत सापडेना. झाकणाचा एक स्क्रू निघाला तो टेबलाखाली गडगडत गेला, आणि मोजे घातलेल्या हाताने तो उचलता येईना. साहेब काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघितलं आणि मोजे काढून ठेवले. त्या रात्री आम्ही झाकणाचे सगळे स्क्रू काढून टाकले आणि पंजाने दाबता येईल अशा दोन मोठ्या क्लिपा लावल्या. दुसऱ्या अर्जात मी याच प्रसंगापासून सुरुवात केली.

म्हणून सांगतो, आधी वापरणारा शोधा. आपल्या गावात ईएमई स्कूल आहे, हवाईदलाचा तळ आहे, निवृत्त होऊन इथेच घर केलेली कितीतरी माणसं आहेत. गुपितं कोणी सांगणार नाही, विचारूही नये. पण हातमोज्यांची गोष्ट गुपित नाही.

अर्ज मराठीत किंवा गुजरातीत चालतो का?

कामकाज इंग्रजीत चालतं. कच्चा मसुदा मात्र मराठीत लिहा. स्वतःच्या भाषेत नीट मांडता आलं नाही तर समजा की विचारच अजून पिकलेला नाही. अर्ज पोर्टलवर भरायचा असतो. छाननीनंतर निवड समितीपुढे बोलावतात, तिथे बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांत जातो. ज्याने हाताने काम केलं त्यालाच बोलायला न्या. आम्ही आमच्या वायरमनला नेलं होतं. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने जे सांगितलं, ते मला आयुष्यात सांगता आलं नसतं.

निम्मे पैसे आणायचे कुठून? हप्ता वेळेवर येतो का?

धरून चालू की प्रकल्प ८० लाखांचा आहे. ४० सरकारचे, ४० तुमचे. आता हिशोब असा: टप्पा पूर्ण करायला खर्च आधी तुम्ही करणार, रिपोर्ट देणार, तपासणी होणार, मग हप्ता. मधल्या काळात पगार थांबत नाहीत, जीएसटी थांबत नाही, शेडचं भाडं थांबत नाही. म्हणून तुमच्या वाट्याशिवाय निदान सहा महिन्यांचं वर्किंग कॅपिटल हाताशी असल्याशिवाय करारावर सही करू नका. हा आकडा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, माझ्या अनुभवाचा आहे.

आमचा एक हप्ता बराच काळ अडकला होता. चूक आमचीच होती. चाचणीच्या रिपोर्टमध्ये उपकरणाचा सीरियल नंबर एक आणि ड्रॉइंगवर दुसरा. मधल्या काळात रोजचा धंदा होता म्हणून तरलो. त्या महिन्यांत बायकोच्या नावावरची एफडी मोडली. नंतर परत केली, पण तिला विचारताना जड गेलं होतं, हे खरं.

प्रकल्पाचं बँक खातं वेगळं ठेवा. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचं नाव घाला. खर्चाचं प्रमाणपत्र सीएकडूनच द्यावं लागतं, आणि वर्षभराची बिलं मार्चमध्ये गोळा करायची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

चाचण्या म्हणजे काय काय? आमच्या मालाला आयएसओ आहे, तेवढं पुरेल ना?

नाही पुरत. आयएसओ तुमच्या कामाच्या पद्धतीला मिळतं. इथे प्रश्न वस्तूचा असतो.

इलेक्ट्रॉनिक आणि विजेच्या उपकरणांसाठी आपल्या तिन्ही दलांचं एक सामाईक मानक आहे, जेएसएस ५५५५५. त्यात उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, मुसळधार पाऊस, खारं वारं, बुरशी, कंपन, आपटणं, सगळं काही आहे. शिवाय उपकरणाने विजेचा गोंगाट बाहेर सोडू नये आणि बाहेरच्या गोंगाटाने बिघडू नये, याची चाचणी बहुधा मिल-स्टँडर्ड ४६१ प्रमाणे होते. कुठल्या चाचण्या लागणार हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्या.

आमचं पहिलं बोर्ड बम्प टेस्टला पडलं. बम्प टेस्ट म्हणजे उपकरण टेबलावर घट्ट बांधून हजारो वेळा ठोके देतात. बाहेर काढलं तेव्हा दिसायला सगळं ठीक, पण चालू होईना. भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं: एका उंच कपॅसिटरचा पाय बोर्डाच्या वर केसभर अंतरावर तुटला होता. सोल्डर शाबूत, पाय तुटलेला. कारखान्यातल्या पॅनलमध्ये हाच कपॅसिटर आम्ही वर्षानुवर्षं वापरला, एकही तक्रार नव्हती. कारण भिंतीवरच्या पॅनलला कोणी ठोके देत नाही. ट्रकमधल्या डब्याला रस्ता देतो. नंतर आम्ही तो कपॅसिटर आडवा घातला, बुडाशी सिलिकॉनचा ठिपका दिला आणि सगळ्या बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल आणि धुळीपासून जपणारा पातळ थर, दिलं. खर्च फार नाही झाला. पण पुन्हा तारीख मिळेपर्यंतचे आठवडे गेले.

यातून एक शिकलो. औपचारिक चाचणीला जाण्याआधी आपल्याच शेडमध्ये वस्तूचे हाल करा. आम्ही दुसरं बोर्ड डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी बाहेर काढून लगेच चालू केलं, त्यावर दव जमू दिलं. मग ते टेम्पोत बांधून पोर-रमणगामडीच्या रस्त्यावर रोज फिरवलं. हे काही मानक नव्हे. पण टेम्पोत जे तुटतं ते तिथे नक्की तुटतं.

चाचणीचं शुल्क आणि फिक्श्चर (चाचणीच्या टेबलावर वस्तू घट्ट धरून ठेवणारी पकड) बनवायचा खर्च बजेटमध्ये वेगळा दाखवा. फिक्श्चर सगळे विसरतात.

बडोद्यात राहून हे जमेल? यासाठी बंगळूर-हैदराबाद लागत नाही का?

जमतं. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते हाताला कसब आणि डोक्याला शास्त्र मिळावं म्हणूनच. तेच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. तिथले प्राध्यापक भेटतात, बोलतात, मुलं प्रोजेक्टसाठी येतात. मकरपुऱ्यात एर्डा या १९७४ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेची प्रयोगशाळा विजेच्या उपकरणांच्या चाचण्या करते. तुमच्या चाचणीची मान्यता त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारून घ्यावं. मशिनिंग, शीट मेटल, पावडर कोटिंग, वाइंडिंग, हे सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. सकाळी ड्रॉइंग दिलं तर संध्याकाळी शेव-उसळ खायच्या वेळेला पार्ट हातात येतो. बंगळूरच्या माणसाला हे सुख नाही.

हवाईदलाच्या सी-२९५ या वाहतूक विमानांच्या इथल्या कारखान्यामुळे आता सगळ्यांचं लक्ष इकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ५६ विमानांच्या करारातली ४० इथे जोडायची आहेत. पण तिथलं सुट्या भागांचं काम वेगळं आणि संशोधनाचं अनुदान वेगळं. तिथे ठरलेल्या ड्रॉइंगप्रमाणे काटेकोर पार्ट द्यायचा. इथे ड्रॉइंगच तुम्ही करायचं. दोन्ही चांगली कामं आहेत, एकाच्या अपेक्षेने दुसऱ्यात जाऊ नका.

चिनी सुटे भाग वापरले तर कळतं का?

कळतं. आणि कळलं नाही तरी वापरू नका. सैन्याच्या उपकरणात आतला एखादा मॉड्यूल कोणाशी बोलतो हे आपल्याला माहीत नसेल, तर ते उपकरण जवानाच्या हाती द्यायचा आपल्याला अधिकार नाही. शिवाय संरक्षण खरेदीच्या २०२० च्या नियमावलीत, भारतात डिझाइन करून भारतातच बनवलेल्या मालाच्या वर्गासाठी निदान ५० टक्के स्वदेशी घटक लागतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक भाग कुठून आला, कोणत्या बिलावर आला, याची यादी ठेवा. नंतर ती जुळवताना नाकी नऊ येतात.

शोध माझा राहतो की सरकारचा होतो?

आयडेक्समध्ये बौद्धिक संपदा साधारणपणे तुमच्याकडे राहते. देशाच्या सुरक्षेसाठी सरकार काही अधिकार राखून ठेवतं. टीडीएफमध्ये ती डीआरडीओ आणि तुमची सामाईक असते. करारातलं हे कलम सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. पेटंटचा अर्ज करायचा असेल तर कुठल्याही प्रदर्शनात वस्तू मांडण्याआधी करा.

लायसन्स लागतं का? परदेशी विकता येईल का?

शस्त्र, दारूगोळा असेल तर लायसन्स लागतं. पुष्कळ सुटे भाग आणि साधी उपकरणं त्यात येत नाहीत. निर्यातीसाठी स्कोमेट नावाची, नियंत्रित मालाची सरकारी यादी बघावी लागते; तिच्यात नाव असेल तर परवानगीशिवाय नमुनासुद्धा बाहेर पाठवता येत नाही. ईमेलने ड्रॉइंग पाठवणं हीसुद्धा निर्यातच.

एक जण म्हणतो, टक्केवारी द्या, मंजूर करून देतो.

त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अर्ज करायला पैसे लागत नाहीत, आव्हानं सगळ्यांसाठी जाहीर होतात. लिहायला मदत करणारा सल्लागार ठरलेली फी घेतो, त्यात गैर काही नाही. पण मंजुरीची हमी देणारा माणूस तुमचं नाव कायमचं खराब करून जाईल.

ट्रायल पास झाली की ऑर्डर नक्की ना?

नक्की म्हणता येत नाही. ट्रायल पास झाल्यावर खरेदीची मंजुरी, किमतीची बोलणी, करार, हे सगळं बाकी असतं. २०२२ मध्ये आयडेक्सच्या खरेदीची प्रक्रिया सोपी केली, आणि तत्त्वतः मंजुरीपासून करारापर्यंत साधारण २२ आठवडे असं गणित मांडलं गेलं. पण त्याच्या आधीची वाट लांब आहे. अर्जापासून पहिल्या ऑर्डरपर्यंत काही वर्षं धरा. त्या काळात गरजही बदलू शकते, अधिकाऱ्यांची बदली तर होतेच. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगायची तयारी ठेवा, आणि तेही न कंटाळता.

आणि ऑर्डर आलीच नाही तर? सगळं पाण्यात?

आमच्या ट्रायलचं पुढचं अजून चालू आहे, म्हणून मी याचं अर्धंच उत्तर देऊ शकतो. गेल्या वर्षी मेहसाण्याकडच्या एका शीतगृहाच्या मालकाने विचारलं की उणे वीस अंशात चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या वर्षभरातच का मरतात. त्यांचा माणूस बॅटरी थंडगार असतानाच चार्जिंगला लावत होता. जवानासाठी केलेलं सर्किट, म्हणजे बॅटरी आधी हळूहळू ऊबदार करायची आणि मगच चार्जिंग सुरू करायचं, तेच आम्ही थोडं बदलून तिथे बसवलं. सहा नग गेले आहेत, आणखी चारची चौकशी आहे. झाकणाला क्लिपाच ठेवल्या. शीतगृहातली माणसंही हातमोजे घालूनच काम करतात.